पोट सोडून जाणारे विमान

बँकेत असताना एक मालवाहतूकदार माझ्याकडे कर्जाचा अर्ज घेऊन आला होता. त्याला घोडा एक हवा होता आणि ट्रेलर तीन. घोडा म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन, हे मला त्याच दिवशी कळले. "साहेब, महाग आहे तो घोडा. तो गोदामाच्या दारात माल भरायची वाट बघत उभा राहिला, तर तुमचा हप्ता मी भरायचा कशातून?" हिशेब मला पटला. कर्ज दिले आणि ते व्याजासकट वसूलही झाले.

हाच हिशेब विमानाला का लागू होऊ नये? अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीला नेमके तसेच वाटले. ११ ऑगस्ट १९५० रोजी तिचे एक्ससी-१२० हे विमान प्रथम उडाले. पोटाखालची मालाची भलीमोठी पेटी तळावर सोडून ते पेटीवाचूनही उडू शकत असे. ज्या सी-११९ विमानावरून ते बेतले, ते आपल्या हवाई दलात 'पॅकेट' म्हणून होते. १९६२ साली सोळा हजार फुटांहून उंचावरच्या दौलत बेग ओल्डीला उतरले ते हेच. साधी सी-११९ हजाराहून अधिक बनली. पेटीवाले मात्र एकच. ब्रिटनच्या माइल्स कंपनीने १९४७ मध्ये असेच एक छोटे विमान उडवले होते. तेही एकच राहिले.

रस्त्यावर धावलेला घोडा आकाशात अडला कुठे? माझ्या मते, वजनापाशी. ट्रेलर टनभर जड झाला तर डिझेल थोडे जास्त जाते, एवढेच. विमानाचे धड मात्र एकाच वेळी दोन कामे करते : माल पोटात घेते आणि पंख-शेपटीचा ताणही सोसते. पोट सुटे केले की वरचे धड पेटीवाचून मजबूत हवे आणि पेटीही स्वतःच्या बळावर टिकणारी हवी. एकाच कामाला दोन भिंती, वर कड्या-कुलपे निराळीच. हा बोजा प्रत्येक उड्डाणात वाहायचा आणि तेवढा भाडे देणारा माल खाली ठेवायचा. जमिनीवर वाचलेला तास फेरीमागे एकदाच जमेला पडतो. वजनाचे व्याज मैलामैलाला चढत राहते. म्हणजे ही योजना परवडली तर जवळच्या पल्ल्यालाच, आणि तिथे तर ट्रक उभाच आहे!

सैन्याचे गणित वेगळे. सिकोर्स्कीच्या स्कायक्रेन हेलिकॉप्टरखाली अडकवलेल्या पेट्या व्हिएतनाममध्ये वापरल्या गेल्या. जिथे रस्ताच नाही तिथे भाड्याचा दर कोण विचारतो?

व्यापाराने पेटी पोटाखाली न लावता पोटात सरकवली. विमानाच्या गोलाईला धरून एक कोपरा छाटलेला, ऐंशीएक किलोचा ॲल्युमिनियमचा डबा दीड टन माल घेतो आणि रोलरवरून आत जातो. जहाजावरचा वीस फुटी कंटेनर रिकामाच दोन टनांवर भरतो. डबे आधीच भरून ठेवता येतात, त्यामुळे घोडा फार वेळ खोळंबत नाही. हवे होते ते बहुतेक मिळाले, तेही विमान न कापता.

तरी स्वप्न सुटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रसंस्थेने एका पंखाखाली तीन कुप्या जोडण्याची 'क्लिप-एअर' योजना मांडली. कागदावर ती देखणी आहे. माझ्या टेबलावर आली असती तर मी दोनच प्रश्न विचारले असते : रिकाम्या कुपीचे वजन किती? आणि जिथून परतीचा माल मिळत नाही, तिथे साठलेल्या कुप्या परत आणणार कोणाच्या खर्चाने?