‘पितो का?’

माझा मोठा भाऊ जळगावात दाळ मिलमध्ये पोती उचलायचा. पस्तिशीतला गडी. एका रात्री पोट धरून जो वाकला तो सरळ होईना. कळ पोटातून थेट पाठीत. रिक्षात घालून एका दवाखान्यात नेला. टेबलामागच्या साहेबानं आडनाव विचारलं, पत्ता विचारला. मग विचारलं, ‘पितो का?’

मी म्हणालो, नाही पीत. त्यानं मान वर न करता कागदावर लिहून टाकलं : दारू.

दादानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण आमचा पत्ता पितो ना! आमचं आडनाव पितं! मग माणसाला विचारायचं तरी कशाला, साला?

बहीण धुळ्याला दिलेली. उसने पैसे काढून जीप केली, एरंडोल-पारोळा करत धुळं गाठलं. तिथं सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. एक खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला होता. असं झालं की स्वादुपिंडाचा रस आतच कोंडतो आणि ते पिंड स्वतःलाच पचवायला लागतं. दादाचं निम्मं पिंड सडलं. जीव वाचला. पण पहिल्या कागदावरचा तो शब्द कुणी खोडला नाही.

दोस्तांनो, खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण घरी आला तो माझा भाऊ नव्हताच.

जेवलं की दुखायचं, म्हणून ताटाचीच धास्ती. अन्न पचवणारा रस आटला, म्हणून तेलकट, घाण वासाचा जुलाब. वस्तीत वीस घरांना एक संडास. मागून लोक शिव्या द्यायचे. दादा पहाटे चारला उठून जायचा, कुणी बघू नये म्हणून. इन्सुलिनही तिथंच तयार होतं, ते कमी पडलं, साखर लागली. पोतं उचलायची ताकद गेली, म्हणजे रोजी गेली. वहिनी धुणीभांडी करायला लागली. दादा दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेला. रात्र रात्र डोळा नाही. एकदा अंधारात म्हणाला, ‘पोट ते दुखसच भाऊ, पन मना जीव बी दुखस.’

आणि मी काय केलं? मी त्याला मोबाईलवर पर्रीकरांचा फोटो दाखवला. गोव्याचे मुख्यमंत्री, स्वादुपिंडाचा कर्करोग, नाकात नळी, तशात जानेवारी २०१९ मध्ये मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला हजर राहिले, अर्थसंकल्प मांडला. म्हणालो, बघ, असं लढायचं असतं. दादा काही बोलला नाही. कूस बदलली.

आज मला त्याची लाज वाटते. पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले. त्यांच्या धीराबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पेपरांनी आपल्याला जोश तेवढा वाचायला दिला, त्या नळीमागच्या माणसाच्या रात्री दिल्या नाहीत. मोठ्या माणसाचं स्वादुपिंड देशाची बातमी होतं. आमच्या स्वादुपिंडावर शिक्का बसतो. आणि दोघांनाही रडायची परवानगी नाही.

हे काही मनाचे खेळ नव्हेत. १९३१ सालीच अमेरिकेतल्या यास्किन नावाच्या डॉक्टरनं लिहून ठेवलंय की स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या काही रोग्यांत पोटाचा रोग कळायच्या आधीच उदासी, घालमेल, काहीतरी वाईट होणार ही भीती दिसते. दादाला कर्करोग नव्हता. पण जुनाट सुजेच्या रोग्यांतही नैराश्य सर्रास दिसतं. आधी दुखणं मन पोखरतं, मग खचलेल्या मनाला तेच दुखणं दुप्पट जाणवतं. हे आता कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असायला हवं. मग मनाचा डॉक्टर या खाटेपाशी का येत नाही?

कारण ‘पितो का?’ या एका प्रश्नात सगळं उरकतं. पितो, म्हणजे स्वतःच्या कर्मानं मेला. त्याला कसलं आलंय मन!

इथं आपल्यालाही विचारतो. दादा पीत नव्हता, म्हणून मी ताठ मानेनं भांडलो. पीत असता तर? मीही मान खाली घातली असती. हातभट्टीचं पिऊन याच दुखण्यानं लोळणारी माणसं आपल्या गल्लीत आहेत. सभेत आपण त्यांना बेवडे म्हणून हाकलतो. मग टेबलामागच्या साहेबात आणि आपल्यात फरक काय?

आणि गंमत ऐका. दादाला जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल लिहून दिल्यात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. डुकरं पाळणाऱ्याची सावली ज्यांना चालत नव्हती, त्यांच्या घरीही दुखणं आलं की हीच कॅप्सूल गिळतात. पोटाला सोवळं कळत नाही, कळतं ते फक्त कागद लिहिणाऱ्या हाताला.

शेवटी दादाला कुणी सावरलं? धुळ्याच्या एका शिकाऊ डॉक्टर पोरीनं. तपासायला आली, रिपोर्ट बाजूला ठेवला, खाटेवर टेकली आणि म्हणाली, ‘दादा, रात्री काय विचार येतात?’ पस्तीस वर्षांचा हमाल ढसाढसा रडला. जगावंसं वाटत नाही, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, तिला सांगितलं. तिनं मानसोपचाराकडं पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. दुखणं गेलेलं नाही. पण दादा आता रात्री झोपतो, ताटावर बसतो.

ही त्या पोरीची मेहरबानी असू नये. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सरकारी सेवेत मनाच्या उपचाराचा हक्क देतो, आणि त्यात जातीवरून भेदभाव करायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. तो हक्क जळगाव-धुळ्याच्या खाटेपर्यंत आपल्यालाच ओढून आणावा लागेल. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर वस्तीतल्या भिंतीवर रंगवा. पोट धरून वाकलेला कुणी दिसला की दवाखान्यात न्या, सोबत थांबा. पितो की नाही, हे उपचारापुरतं डॉक्टरला विचारू द्या, निकाल द्यायला कुणालाच नको. आणि रात्री त्याच्याशेजारी बसून विचारा, झोप येते का रे भाऊ?