लोणारच्या पाण्यावर लेझर टाका!

‘किनाऱ्यालगतच्या समुद्राची लेझरने तपासणी’ असा सेमिनारचा विषय दिसला की आपण बुलढाणेकर म्हणतो, हे मुंबई-गोव्याकडच्यांचं काम! अहो, पण खारं पाणी आपल्याच जिल्ह्यात आहे की. लोणार सरोवराचा पीएच १० च्या आसपास, समुद्रापेक्षाही जास्त.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं. लँडसॅट-८ उपग्रहाच्या २५ मेच्या चित्रात ते हिरवट आहे, १० जूनच्या चित्रात गुलाबी. मधले १६ दिवस? हा उपग्रह त्याच जागी १६ दिवसांनीच परत येतो. दुसरे लवकर येतात, पण ढग आले की सगळेच आंधळे. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की खारटपणा वाढल्याने फोफावलेल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा हा रंग. म्हणजे रंग बदलल्यावर धावाधाव! माझा आक्षेप इथेच आहे.

पाण्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकला, की शेवाळातलं क्लोरोफिल ६८५ च्या आसपास लाल चमकतं. खुद्द पाणी ६५० जवळ रामन परिणामाची खूण देतं. (२८ फेब्रुवारीला आपण ज्याच्या रांगोळ्या काढतो, तोच हा रामन परिणाम!) दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की अंतर किंवा लेझरची ताकद थोडी बदलली तरी फारसं बिघडत नाही. रात्री तर काम आणखी सोपं. गावचं सांडपाणी सरोवरात उतरत असल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. त्याने शेवाळ वाढलं तर रोजच्या आलेखात दिसेल. २०२० मध्ये लोणारला रामसर दर्जा मिळाला, पण नुसत्या दर्जाने पाणी राखलं जात नाही.

अडचणी आहेतच. लेझरला पीएच कळत नाही, त्याला वेगळा सेन्सर हवा. गुलाबी रंगद्रव्यं जवळपास चमकतच नाहीत. काठावरून तिरका टाकलेला किरण बराचसा परावर्तित होतो, ते गणित करावं लागेल. शिवाय हे अभयारण्य, म्हणजे वनखात्याची परवानगी आली, आणि पक्ष्यांच्या, पर्यटकांच्या डोळ्यांत किरण जाता कामा नये.

तरीही फायनल इयरला विकतचा ट्रॅफिक सिग्नल मांडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. सुरुवात लॅबच्या अंधाऱ्या खोलीत, बादलीभर शेवाळलेल्या पाण्यावर करा. होस्टेलच्या टाकीत त्याचा तोटा नाही!