वाहनाला हार घालण्यापूर्वी

ऑगस्ट सरला की आपल्या बेटावरचा हिवाळा हळूहळू काढता पाय घेऊ लागतो. क्यूरपीप आणि वाक्वाच्या माळावर दिवसदिवस पडणारी बारीक झिमझिम कमी होते, आग्नेयेकडचा वारा मवाळतो आणि दिवस मोठा होऊ लागतो. ऑक्टोबर हा तर आपल्याकडचा सर्वांत कोरडा महिना. रविवार आला की तरुण मंडळी दोनदोन, चारचार मोटारसायकली घेऊन शामारेलच्या डोंगराकडे किंवा ले मोर्नच्या किनाऱ्याकडे निघतात. हा आपला वसंत ऋतू. या दिवसांत रस्त्यावर दुचाकी वाढतात, म्हणून दुचाकीविषयी चार शब्द लिहिण्याचीही हीच वेळ आहे असे आम्हाला वाटते.

इंग्लंड, फ्रान्स यांसारख्या थंड देशांत मोटारसायकल ठेवणारे पुष्कळ लोक हिवाळ्यात ती झाकून ठेवतात. बर्फ आणि रस्त्यावर टाकलेले मीठ यांमुळे तीनचार महिने ती बाहेरच निघत नाही. मार्च उजाडला की झाकण निघते, बॅटरी भरली जाते, ऑईल बदलले जाते, ब्रेक तपासले जातात आणि मगच गाडी रस्त्यावर येते. थंडीनेच त्यांना ही शिस्त लावली आहे. आपण जी फ्रेंच आणि इंग्रजी मासिके वाचतो त्यांत मार्च महिन्यात या तपासणीवर लेखच्या लेख येतात. पण मार्च म्हणजे आपल्याकडे मुसळधार पावसाचे आणि चक्रीवादळाचे दिवस. तो सल्ला आपण वाचतो आणि पान उलटतो.

आपल्या दुचाकीला हिवाळ्याची सुट्टी नाही. ती बारा महिने चालते. आणि जी गाडी कधी थांबतच नाही, तिच्या तपासणीचा दिवसही कधी उगवत नाही. "चालते आहे ना, मग चालू द्या" हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! गाडी बंद पडली तरच मेकॅनिकची आठवण होते. परंतु इंजिन बंद पडणे हा दुचाकीचा सर्वांत निरुपद्रवी बिघाड आहे, कारण त्यात माणूस रस्त्याच्या कडेला सुखरूप उभा असतो. घात करणारे बिघाड निराळेच. झिजलेला ब्रेक, गुळगुळीत टायर, न लागणारा मागचा दिवा यांपैकी कशानेही गाडी बंद पडत नाही. ती चालतच राहते, आणि म्हणूनच त्यांची दखल कोणी घेत नाही.

साडेबारा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या देशात दोन लाखांहून अधिक मोटारसायकली आणि ऑटोसायकली नोंदलेल्या आहेत. एकेकाळी गावोगावी फ्रेंच बनावटीच्या मोबिलेट दिसत. आज त्यांच्या जागी जपानी, भारतीय आणि चिनी गाड्या आहेत, विजेवर चालणाऱ्याही आहेत. पहाटे कामावर जाणारा मजूर, हॉटेलातली रात्रपाळी संपवून येणारा मुलगा, भाजी बाजारात नेणारा बागायतदार, सर्वांचा संसार या दोन चाकांवर आहे. आम्हा शिक्षकांना तर रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी हे चित्र दिसते: पुढे वडील, मागे दप्तर घेतलेले लेकरू. दुसरीकडे, रस्त्यावर प्राण गमावणाऱ्यांत वर्षानुवर्षे सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्या माणसांचाच राहिला आहे. त्यांत चूक कधी स्वाराची असते, कधी समोरच्या मोटारीची, कधी वेगाची, कधी दारूची. या सर्व गोष्टी आपल्या हाती नाहीत. गाडीची स्थिती मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

आपल्या हिवाळ्याने बर्फ पडत नाही हे खरे, पण तो दुचाकीला सोडत नाही. माळावरच्या झिमझिमीने चेनवरचे तेल धुऊन जाते आणि ती गंजते. किनाऱ्यावरच्या गावांत समुद्राचे खारे वारे नट-बोल्ट, स्पोक आणि दिव्यांच्या तारांची टोके खातात. जूनपासून डिसेंबरपर्यंत ऊसतोडणीचा हंगाम. त्या धुळीने एअर फिल्टर बुजतो, आणि लॉरीतून सांडलेले पाचट व शेतातला चिखल यांनी रस्ता निसरडा होतो. अशा झिजलेल्या गाडीवर मग डिसेंबरचा पाऊस येतो. तेव्हा कोरड्या ऋतूच्या आरंभी तपासणी केली तर पावसाला तोंड देण्यासाठी गाडी तयार राहते. आपल्या वसंतातल्या दुरुस्तीचे खरे महत्त्व हे आहे.

आता काय पाहावे? सर्वांत आधी ब्रेक. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 16 मीटरहून अधिक अंतर तोडते. शामारेलहून काझ नोयालकडे उतरणारा रस्ता किंवा माळावरून किनाऱ्याकडे येणारे इतर उतार आठवा. ड्रम ब्रेकचे शू आणि डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात, आणि ती झीज दाखवणारी खूण बहुतेक गाड्यांवर असते. डिस्क ब्रेकमधले तेल हवेतला ओलावा शोषून घेते. असे जुने तेल लांब उतारावर ब्रेक तापला की उकळू लागते आणि ब्रेकची मूठ हाताला एकाएकी पोकळ लागते. म्हणून ते तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे. ते महाग नसते. आणि उतारावर केवळ ब्रेकवर भिस्त न ठेवता खालचा गिअर घालून इंजिनाची मदत घ्यावी.

दुसरे टायर. टायरवरच्या खाचा शोभेच्या नाहीत. पावसात चाकाखालचे पाणी बाहेर फेकणे हे त्यांचे काम. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बदललाच पाहिजे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असे लिहिले असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. खाचा शाबूत असल्या तरी वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले रबर टणक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि त्याची पकड जाते. हवा टायर थंड असताना तपासावी, आणि मागे माणूस बसणार असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाढवावी.

तिसरी चेन. ती फार ढिली झाली तर चाकावरून उतरते, फार ताणली तर लवकर झिजते. लहान गाड्यांत मधोमध बोटाने हलवली असता ती साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. पावसात भिजून आल्यावर ती पुसून तिला तेल द्यावे. चौथे दिवे. पुढचा दिवा, इंडिकेटर आणि विशेषतः मागचा ब्रेकचा दिवा पाहावा. हा दिवा हाताच्या ब्रेकनेही लागला पाहिजे आणि पायाच्या ब्रेकनेही. एकाने लागतो आणि दुसऱ्याने नाही, असे पुष्कळ गाड्यांत आढळते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो, कारण त्याची पाठ त्या दिव्याकडे असते. हे पाहायला मेकॅनिक लागत नाही, मागे उभे राहणारे घरातले एक मूल पुरते. त्याखेरीज इंजिनाचे ऑईल, प्लग, क्लचची केबल, बॅटरीची टोके ही नेहमीची कामे आहेतच. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी गाडी अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी. विजेच्या गाडीला ऑईल लागत नाही, पण ब्रेक, टायर आणि दिवे तिलाही आहेत हे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, खर्च कोठून करायचा? प्रश्न खोटा नाही. परंतु आपल्याच मुलांच्या गाड्यांकडे एकदा नीट पाहावे. मोठा आवाज काढणारा सायलेन्सर बसवायला पैसे मिळतात, रंगीत पट्ट्यांना मिळतात, चमकणाऱ्या आरशांना मिळतात, मात्र ब्रेक शू "पुढच्या महिन्यात" असतात. हेल्मेट, म्हणजे आपल्या बोलीतला कास्क, त्याचा पट्टा तुटलेला असतो आणि तो केवळ पोलिसाला दाखवण्यापुरता डोक्यावर असतो. मागे बसणाऱ्या बहिणीला तर मिळेल तो कास्क दिला जातो, मापाचा असो वा नसो. जी वस्तू दिसते तिच्यावर खर्च आणि जी जीव वाचवते तिच्यावर काटकसर, हा हिशेब उलटा आहे.

मग हिवाळ्याने जो दिवस आपल्याला नेमून दिला नाही, तो आपण कोठून आणायचा? आमचे उत्तर असे की तो आपल्याच पंचांगात आहे. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन आपल्या वसंतात, दसरा येतो. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि दसऱ्याला हत्यारे, अवजारे, यंत्रे आणि वाहने पुजण्याची चाल आहे. पुण्यासारख्या शहरात त्या दिवशी घरोघरच्या दुचाकी धुतल्या जातात, त्यांना हळदकुंकू लावतात आणि झेंडूचा हार घालतात. आपल्या पूर्वजांचा हा वारसा आपलाही आहे.

पण पूजा म्हणजे काय? शेतकऱ्याचा पोळा आठवावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. ज्या खांद्यावर वर्षभर जू बसले, तो खांदा हळद आणि तूप लावून चोळतात. त्या शेतकऱ्याने बैलाच्या शिंगांना रंग दिला तो नंतर, हात फिरवला तो आधी दुखऱ्या जागेवर. जनावर कोठे झिजले आहे हे पाहणे हा त्या पूजेचाच भाग होता. दुचाकीचा खांदा म्हणजे तिचे ब्रेक, टायर आणि चेन. तेथे हात न फिरवता वरून हार घातला, तर पूजा अर्धीच राहिली असे म्हणावे लागेल. यात धर्माला उणेपणा येतो असे आम्हाला वाटत नाही. उलट पूजेला तिचा मूळचा अर्थ परत मिळतो.

म्हणून वाचक बंधुभगिनींपुढे आमची सूचना साधी आहे. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घराने आपली दुचाकी तपासावी. जे घरी होईल ते घरी करावे, ब्रेकसारखे काम जाणत्या मेकॅनिकच्या हाती द्यावे. आपल्या मंडळांनी त्या दिवशी मंदिराचे आवार सकाळी दोनतीन तास मोकळे ठेवावे, गावातल्या एखाद्या अनुभवी मेकॅनिकला मानाने बोलवावे आणि तरुणांना हाताने काम करून शिकू द्यावे. ज्या समाजाला उत्सवासाठी मंडप उभारता येतो, त्याला हे अवघड नाही. शिक्षकांनी वर्गात घर्षण शिकवताना ब्रेकचे आणि टायरचे उदाहरण घ्यावे. मुले घरी जाऊन वडिलांच्या गाडीचे टायर पाहतील, आणि वडील दुसऱ्या कोणाचे नाही तरी मुलांचे ऐकतात असा आमचा अनुभव आहे. मातांनी आणि भगिनींनी मागच्या आसनावर बसण्यापूर्वी ब्रेकचा दिवा लागतो का हे विचारण्याचा आपला हक्क बजावावा.

चांगली गाडी बेफिकीर स्वाराला वाचवीत नाही. वेग आवरणे, दारू पिऊन गाडी न चालवणे, वळणावर पुढे न घुसणे ही शिस्त वेगळी आणि ती स्वाराचीच. परंतु सावध स्वारालाही एक दिवस अचानक थांबावे लागते. उसाच्या आडून एखादे मूल रस्त्यावर येते, पुढची लॉरी एकाएकी उभी राहते. त्या क्षणी त्याच्या मदतीला दोन ब्रेक आणि तळहाताएवढे रबर, इतकेच असते. यंदा दसऱ्याला हार अवश्य घाला. फक्त त्याआधी खाली वाकून त्या दोन गोष्टी पाहून घ्या, एवढीच आमची विनंती.