फोटो इथे, ओळ तिथे

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या आसपास पुढे जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या पहिल्या फळीतल्या इमारतींनी आता पंधरा वर्षे ओलांडली आहेत किंवा त्या ओलांडण्याच्या बेतात आहेत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. म्हणजे इथल्या सोसायट्यांच्या कमिट्यांपुढे यापुढे जाडजूड अहवाल येत राहणार. त्यांत भिंतीतल्या ओलीचे, कॉलमला गेलेल्या तड्यांचे, गंजलेल्या सळ्यांचे फोटो असतात आणि प्रत्येकाखाली एक ओळ असते: बी विंग, पार्किंग, अमुक नंबरचा कॉलम.

ही ओळ सुटली तर उरतो नुसता तडा. आणि तडे सगळीकडे सारखेच दिसतात. ओळ एक पान पुढे सरकून भलत्याच फोटोखाली जाऊन बसली, तर ठेकेदार धडधाकट कॉलमला जॅकेटिंग करून बिल लावील, तेही अहवालाबरहुकूम.

चित्राखालचे नाव चुकले की ती चूक किती टिकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. इब्राहिमखान नावाच्या माणसाचे चित्र कित्येक वर्षे शिवाजी महाराजांचे म्हणून ओळखले जात होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी जुन्या कागदपत्रांचा माग काढून १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले, तेव्हा कुठे ती गफलत मोडली. तिथे कुठल्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. चित्र आणि नाव यांची जोडी खरी आहे का, हे फार काळ कोणी तपासलेच नव्हते.

खिळे जुळवण्याच्या काळात निदान छापताना तरी ही जोडी फुटत नसे. चित्राचा ब्लॉक आणि त्याखालच्या ओळीचे खिळे एकाच फर्म्यात आवळलेले असत. मजकूर वाढला तर कंपोझिटरला दोन्ही हातांनी उचलून हलवावे लागे, त्यामुळे ओळ मागे विसरली तर ती त्याच्या डोळ्यांसमोरच राही. वर्डमध्ये मात्र वरच्या परिच्छेदात चार शब्द घातले की दहा पानांखालचे फोटो कोणाच्या नकळत घसरतात.

असे का होते? वर्डमध्ये फोटो टाकला की तो मुळात ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ असतो, म्हणजे एखाद्या भल्यामोठ्या अक्षरासारखा ओळीतच बसतो. तो माउसने हवा तिथे ओढता येत नाही म्हणून लोक वैतागतात आणि ‘स्क्वेअर’ किंवा ‘इन फ्रंट ऑफ टेक्स्ट’ निवडतात. इथून घोळ सुरू. तरंगत्या फोटोचा नांगर एखाद्या परिच्छेदात असतो. त्याला कॅप्शन द्यायला जावे तर वर्ड ते वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकतो, आणि त्या बॉक्सचा नांगर निराळा. मजकूर हलला की दोघे आपापल्या वाटेने जातात. फोटोखाली एंटर मारून हाताने ‘फोटो ७’ टाइप करणाऱ्यांची तर आणखी पंचाईत होते. मध्ये एक फोटो वाढला की पुढचे सगळे आकडे चुकतात.

उपाय साधे आहेत. फोटो ओळीतच ठेवावा आणि त्याच्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावावे. मग फोटो एका पानावर आणि खालची ओळ पुढच्या पानावर असे होत नाही. आकडा हाताने न घालता ‘रेफरन्सेस’मधल्या ‘इन्सर्ट कॅप्शन’ने घ्यावा. तिथे ‘न्यू लेबल’ करून ‘आकृती’ किंवा ‘छायाचित्र’ असे मराठी लेबलही देता येते. शेवटी सगळा मजकूर निवडून एफ ९ दाबले की आकडे ताजे होतात. ते आपोआप होतील या भरवशावर राहू नये. फोटो तरंगताच हवा असेल तर तो आणि कॅप्शनचा बॉक्स एकत्र निवडून ‘ग्रुप’ करावा. दोन फोटो शेजारी-शेजारी हवे असतील तर बिनरेषांचा तक्ता बरा. प्रत्येक घरात फोटो आणि त्याची ओळ ठेवायची आणि तक्त्याची ओळ दोन पानांत तुटण्याची परवानगी काढून टाकायची. लिबरऑफिस रायटर या बाबतीत अधिक समंजस आहे. फोटोला कॅप्शन दिले की तो दोघांभोवती एकच चौकट घालतो.

गंमत म्हणजे खराडीला हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. सॉफ्टवेअरची मॅन्युअल लिहिणारी टेक्निकल रायटर मंडळी इथल्या आयटी पट्ट्यात आहेत. त्यांच्या व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या डिटासारख्या पद्धतीत आकृती आणि तिचे शीर्षक एकाच घटकात असतात. लाटेकमध्येही चित्र आणि कॅप्शन एकाच ‘फिगर’मध्ये लिहितात, आणि वेबपानांच्या एचटीएमएल ५ मध्ये ‘फिगर’च्या पोटात ‘फिगकॅप्शन’ असते. दिवसभर हे पाहणारा माणूस संध्याकाळी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून अहवाल लिहितो तेव्हा मात्र फोटो माउसने ओढत बसतो!

तरीही दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे बरोबर नाही. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र महाराष्ट्रात लाखोंकडे आहे. फोटो घालता न येणारा कारकून आता विरळाच. पण अहवाल मागणारे कार्यालय फार तर फाँट आणि समास सांगते, फोटो आणि ओळ यांचे काय करायचे ते सांगत नाही. विद्यापीठाने प्रबंधासाठी, महापालिकेने तपासणी अहवालांसाठी आणि सोसायटीने ऑडिटरसाठी स्वतःची तयार टेम्प्लेट द्यावी. तीत फोटोची जागा, त्याखाली कॅप्शनची स्टाइल आणि ‘कीप विथ नेक्स्ट’ आधीच लावलेले असावे. टेम्प्लेट एकदा बसवायला जाणकाराला अर्धा दिवसही लागणार नाही. पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही मागून घ्यावी, कारण पाच वर्षांनी पुढचे ऑडिट होईल तेव्हा नवा इंजिनिअर त्याच कॉलमचा जुना फोटो शेजारी ठेवून तडा किती वाढला ते पाहणार आहे.