पाच वर्षांची पदवी आणि कोयत्याचा हिशेब



पट्टा पडून ऊसतोडीची माणसे चकलांब्याला परतली, की बारावी झालेल्या मुलामुलींचे कागद आमच्याकडे येऊ लागतात. आम्ही पेशाने कारकून, तेव्हा फॉर्म भरण्याचे काम आमच्या गळ्यात पडणार हे ठरलेलेच. अलीकडे त्या कागदांत एक नवे नाव दिसू लागले आहे, सायबर सुरक्षा. एका मुलीला तर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकत्र असलेला, सलग पाच वर्षांचा अभ्यासक्रम हवा होता. तिच्या आईने एवढेच विचारले, "भाऊ, पाच वर्सं म्हंजी आमचे पाच हंगाम. मधीच काय झालं तर पोरीच्या हातात काय ऱ्हातंय?"

माहितीपत्रकात या प्रश्नाचे उत्तर कधी छापलेले नसते. म्हणून आजचे सदर त्यावर.

आधी ही विद्या काय आहे ते पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून अवघ्या दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कोणी तिजोरी फोडली नाही. एटीएममध्ये कार्ड घातले की "या माणसाला पैसे द्यावेत का?" अशी विचारणा बँकेच्या संगणकाकडे जाते. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती प्रत्येक बनावट कार्डाला होकार देत गेली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. हा होकार खोटा आहे हे वेळेवर ओळखणे आणि ओळखल्यावर कोर्टात सिद्ध करणे, या दोन कामांसाठी माणसे घडवायची, हे या शिक्षणाचे प्रयोजन.

आमच्या कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. कोणता कागद कधी आला, कोणाकडे गेला, हे त्या वहीवरून कळते. संगणकाच्या दुनियेत अशा नोंदींना लॉग म्हणतात. फरक एवढाच की आमच्या वहीत दिवसाला पन्नास नोंदी, तिथे तासाला लाखो. त्या लाखोंतून खाडाखोड शोधायची. आम्ही बी.कॉम.ला हिशेब तपासणी शिकलो. तिचेच हे धाकटे भावंड समजा. म्हणून वाणिज्य शाखेच्या मुलांनीही हे दार आपल्यासाठी बंदच आहे असे समजू नये. बँकांना संगणकीय तपासनीस लागतातच.

कायद्यानेही या विद्येची गरज वाढवली आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद त्यांत आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबतच्या प्रमाणपत्रात त्याचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे त्या मजकुराचा अंगठाच म्हणा. आतले एक अक्षर बदलले तरी अंगठा जुळत नाही. अत्याचाराच्या खटल्यांत आपली माणसे चित्रफीत घेऊन पोलीस ठाण्यात जातात आणि पुढे कोर्टात ती टिकत नाही, तेव्हा ही विद्या जाणणारा माणूस आपल्यात असायला हवा, असे आम्हाला फार वाटते.

आता पाच वर्षांचे. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ संगणक अभियांत्रिकीत, सायबर सुरक्षा हा विशेष विषय घेऊन, बी.टेक. आणि एम.टेक. असा एकत्रित पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवते. २००९ पासून ते गुजरात राज्याचे विद्यापीठ होते. संसदेने २०२० साली कायदा करून त्याला राष्ट्रीय केले. गोव्यात त्याचे आवार आहे आणि नागपुरात कायमच्या आवाराची पायाभरणी मे २०२५ मध्ये झाली. वेगवेगळे शिकायचे तर बी.टेक.ची चार आणि एम.टेक.ची दोन, अशी सहा वर्षे लागतात. म्हणजे एकत्रित मार्गाने एक वर्ष वाचते आणि दुसरी प्रवेश परीक्षाही टळते. गरिबाच्या घरात वाचलेले वर्ष म्हणजे एका कोयत्याची उचल, हे आम्ही जाणतो.

पण दुसरी बाजूही वहीत मांडली पाहिजे. बी.टेक. झाल्यावर गेट परीक्षेत पात्र ठरून मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश घेतला, तर तंत्रशिक्षण परिषदेकडून महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. चोवीस महिन्यांचे झाले २,९७,६०० रुपये. एकत्रित अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी ते मिळेल का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावे. तोंडी उत्तर घेऊन येऊ नये.

तिसरा मार्ग साध्या विज्ञान पदवीचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून आपल्याकडील संलग्न महाविद्यालयांतही एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आली आहे. चार वर्षे केल्यास पुढे पदव्युत्तर एकाच वर्षाचे. इथे वर्षे पाचच, पण मध्ये थांबण्याच्या पायऱ्या आहेत. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर या पायऱ्यांत आहे. मुलीचे गणित पक्के असेल आणि घरचे पाच वर्षे तिला हाक मारणार नसतील, तर तिने खुशाल एकत्रित अभ्यासक्रमाला जावे. मात्र चार वर्षांनी बी.टेक. घेऊन बाहेर पडता येते की नाही, हे त्या वर्षीच्या नियमावलीत वाचून. बापाची उचल फिटलेली नसेल आणि पुढच्या हंगामाचा भरवसा नसेल, तर पायऱ्यांचा मार्ग बरा. यात कमीपणा नाही. कामे दोन्हीकडच्यांना सारखीच मिळतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही, बी.टेक.चे वजन भरतीत जास्त पडते.

पैशांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. राज्यातच शिकणाऱ्या पण शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासूनची स्वाधार योजना आहे.

खरी अडचण दाखल्यांची होते. नुसता "नवबौद्ध" असा दाखला राज्याच्या सवलतींना चालतो. गांधीनगरचे विद्यापीठ पडले केंद्राचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या खऱ्या, पण त्यासाठी मूळ जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. हा कागद नाही म्हणून ऐन प्रवेशाच्या दिवशी हातची जागा जाऊ शकते. जात वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जुनी महसुली नोंद, जे सापडेल ते. ज्यांच्या आजोबांनी शाळाच पाहिली नाही त्यांनी चुलत घराण्यात शोधावे. सख्ख्या रक्ताचे नाते वंशावळीत दाखवता आले की तो पुरावाही चालतो.

विज्ञान शाखेच्या मुलांचे वैधतेचे अर्ज महाविद्यालयामार्फत जातात. ते अकरावीतच द्यावेत, आईबाप दिवाळीआधी कारखान्यावर जाण्यापूर्वी. शपथपत्रावर त्यांची सही लागते आणि सही करणारा तेव्हा फडात असतो.