डिस्क निघणारच आहे, तुम्ही काय करणार ते बोला

या शनिवारी जरा भांडण काढायचं आहे. विषय रुक्ष वाटेल, पण पाच मिनिटं द्या.

विषय आहे हॉट-स्वॅप, म्हणजे चालू मशीनमधून डिस्क काढणं आणि घालणं. "ते सर्व्हरवाल्यांचं फीचर आहे, आपल्या ड्रायव्हरला कशाला?" हे वाक्य मी आत्तापर्यंत तीन वेगवेगळ्या मीटिंगांमध्ये ऐकलंय. दर वेळी बोलणारा माणूस माझ्यापेक्षा सीनियर होता आणि दर वेळी वाक्य चुकीचंच होतं. माझं मत स्पष्ट आहे. डिस्क अचानक गेलेली ज्या ड्रायव्हरला झेपत नाही, तो ड्रायव्हर अर्धवट आहे.

आधी हार्डवेअर. जुन्या पाटा डिस्कची ती रुंद, ४० पिनांची पट्टी आठवते? चालू मशीनमध्ये तिला हात लावायची सोय नव्हती. २००३ मध्ये साटा १.० आलं ते हा विचार करूनच. बॅकप्लेनमध्ये डिस्क खोचताना पॉवर कनेक्टरच्या सगळ्या पिना एकदम टेकत नाहीत. आधी ग्राउंड, मग प्री-चार्जच्या पिना, मग बाकीच्या. त्यामुळे करंट एकदम उसळत नाही. म्हणजे हार्डवेअरवाल्यांनी आपलं काम केलं होतं.

आणि आपण? लिनक्समध्ये साटा सांभाळणाऱ्या लिबाटात हॉट-प्लग आलं ते २.६.१८ कर्नलमध्ये, सप्टेंबर २००६ ला. काम मुख्यतः तेजुन हिओ यांचं. तीनेक वर्षं पिना तयार होत्या आणि कोड नव्हता.

पण ते आलं कसं, हे जास्त बघण्यासारखं आहे. हॉट-प्लगचा वेगळा तुकडा लिहून वर चिकटवला नाही. आधी एरर हँडलिंग नव्याने लिहिलं आणि हॉट-प्लग त्याच्याच पोटात बसवलं. लिंक तुटली की कंट्रोलर इंटरप्ट देतो. ड्रायव्हर पोर्ट गोठवतो, म्हणजे नवीन कमांड जाणं बंद. मग दर २५ मिलिसेकंदांनी लिंक तपासतो आणि ५०० मिलिसेकंद ती एकाच स्थितीत राहिली की पुढे जातो, कारण खोचताना ती दोन-चारदा लागते-सुटते. मग रीसेट. पलीकडून उत्तर आलं तर मॉडेल आणि सीरियल नंबर विचारायचा, आधीच्याशी ताडायचा. डिस्क तीच असेल तर काम पुढे चालू. वेगळी असेल तर जुनी गेली असं वरच्या थरांना सांगायचं आणि नवी डिस्क नवी म्हणूनच नोंदवायची.

सीरियल नंबरची ही भानगड हसण्यावारी नेऊ नका. लिहायचा राहिलेला डेटा कर्नलच्या मेमरीत पडून असतो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगला तो साधारण ३० सेकंद जुना झाला की डिस्ककडे ढकलला जातो. मध्येच कोणी डिस्क बदलली आणि ड्रायव्हरला पत्ताच लागला नाही, तर एकीचा डेटा दुसरीच्या छाताडावर लिहिला जाईल. जुनीवरचं काम अर्धवट, नवीवरचं खराब, आणि लॉगमध्ये एक ओळ नाही.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

पहिला: "घरी डिस्क कोण काढतं?" कोणी काढत नाही हो, पण केबल सैल होते. पॉवर सप्लाय म्हातारा होतो. डिस्कचं फर्मवेअर हँग होतं. ड्रायव्हरला यातलं कारण कळत नाही, त्याला एवढंच दिसतं की मघाशी डिस्क बोलत होती आणि आता गप्प आहे. एका जुन्या नोकरीत (नाव कशाला!) आमच्या स्टोरेज बॉक्सच्या प्लॅनमधून हॉट-स्वॅप 'फेज टू'च्या नावाने कापलं गेलं. फेज टू म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे :-) पुढे एका ग्राहकाकडे एकाच डिस्कचा कनेक्टर सैल झाला. रेड लावलेलं, बाकीच्या डिस्क ठणठणीत. पण ड्रायव्हर गेलेल्या डिस्कच्या उत्तराची वाट बघत बसला. प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये, किल नाइनलाही दाद नाही, अख्खा बॉक्स ठप्प. रेड वाचवायला तयार बसलं होतं, त्याला कोणी सांगितलंच नाही.

दुसरा आक्षेप: "सेफली रिमूव्हचं बटण दिलंय ना!" म्हणजे जबाबदारी युजरच्या गळ्यात. माणसं ते बटण दाबत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०१८ च्या विंडोज १० आवृत्ती १८०९ मध्ये बाहेरून जोडायच्या डिस्कचं डिफॉल्ट 'क्विक रिमूव्हल' केलं. वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण माणूस कसा वागतो ते गृहीत धरा. मला हे प्रामाणिक वाटतं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: वीज. लिंकची वीजबचत चालू असली की लिंक मधूनमधून झोपते, आणि मग डिस्क आली-गेली ते नीट कळत नाही. लॅपटॉपवाल्याला बॅटरी हवी, सर्व्हरवाल्याला हॉट-स्वॅप. दोघंही बरोबर. पण त्यावर उपाय आहे, प्रत्येक पोर्टचा निर्णय वेगळा घ्या. २०२४ मध्ये लिनक्सच्या एएचसीआय ड्रायव्हरने तेच केलं. बायोसने बाहेरचं किंवा हॉट-प्लगचं अशी खूण केलेल्या पोर्टला वीजबचतीतून वगळलं. "दोन्ही जमत नाही म्हणून एक सोडून दिलं" ही पळवाट झाली.

हॉट-स्वॅप आलं म्हणजे डेटा वाचला, असं मी म्हणत नाही. डिस्कच्या स्वतःच्या कॅशमधलं गेलं ते गेलं. ड्रायव्हरने करायचं ते एवढंच, की डिस्क गेली हे लवकर आणि खरं सांगायचं. आणि वरच्यांनी ते ऐकायचं. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की एफसिंक एकदा फेल झालं आणि पुन्हा केलं, तर लिनक्स दुसऱ्यांदा 'ओके' म्हणू शकतं, डेटा डिस्कवर नसतानाही. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ थांबतं आणि लॉगमधून रिकव्हरी करतं. खोट्या 'ओके'पेक्षा हे परवडलं.

तुम्ही म्हणाल, आम्ही वेब अ‍ॅप लिहितो, आमचा काय संबंध? तुमचा डेटाबेस शेवटी कुठल्या तरी डिस्कवरच बसलाय की. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या रॅकमधली डिस्क.

तेव्हा सोमवारी ऑफिसात तीन प्रश्न विचारून बघा. आपल्या टेस्ट मशीनची डिस्क लोड चालू असताना कोणी कधी उपटली आहे का? उपटल्यावर किती सेकंदांत वरपर्यंत एरर आली? आणि परत घातल्यावर ती आपली आपण आली, की रीबूट करावं लागलं? पहिल्याच प्रश्नाला शांतता पसरली, तर ती डिस्क उपटायचं काम तुमचं. दिवस आपण ठरवलेला बरा.