सामाईक मिळकत परस्पर विकणाऱ्यांना जाहीर इशारा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सामाईक जमीन, जुने घर किंवा वडिलांच्या नावावरचा फ्लॅट इतर हिस्सेदारांना न विचारता विकायला निघालेल्या प्रत्येकाने हे नीट वाचावे. टोकन घेतले असेल तर आजच परत करावे.

सातबाऱ्यावर तुमचे एकट्याचे नाव लागले म्हणून तुम्ही एकटे मालक झालात, हा भ्रम सोडा. फेरफार ही महसुली नोंद आहे. सोसायटीतला नॉमिनीही वारसांच्या वतीने सांभाळणाराच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीचा निवाडा करत नाही. खरेदीखतात अख्खी जमीन लिहिलीत, तरी घेणाऱ्याला मिळणार तुमच्यापुरता हिस्सा. राहत्या घराचे तर याहून वाईट: एकत्र कुटुंबाच्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्यांबरोबर ताबा मागता येत नाही.

आणि बहिणी. ‘लग्नात दिलं, आता काय?’ हे ओटीवर बसून बोलायला ठीक. कोर्टात त्याला किंमत शून्य. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात नसले तरीही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितले. ‘तोंडी वाटणी झाली होती’ ही पळवाटही तिथेच जवळजवळ बुजली. २० डिसेंबर २००४ पूर्वीचे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर बाहेर काढा. नसेल, तर राखीच्या ताटात पाकीट ठेवून हक्कसोडपत्रावर सह्या उकळण्याचा निर्लज्जपणा थांबवा.

‘सही देत नाही, बघू काय करतात’ म्हणत वर्षानुवर्षे अडून बसलेल्यांचीही इथे सुटका नाही. १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे, मिळकत सोयीने वाटता येण्यासारखी नसेल आणि निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्यांनी मागणी केली, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. घर तुम्हालाच हवे आहे? मग कोर्ट ठरवील त्या किमतीला विक्री मागणाऱ्यांचे हिस्से घेण्याची तयारी दाखवा. पैसेही नाहीत आणि सहीही नाही, हे कायम चालणार नाही.

घेणाऱ्यांनो, नुसत्या कागदांवर भाळू नका. डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारतींना खोट्या परवानग्यांच्या जोरावर महारेराची नोंदणीसुद्धा मिळाली होती. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या, तेव्हा रस्त्यावर यायची वेळ आली ती तिथे राहणाऱ्यांवर.

मुदत येत्या अनंत चतुर्दशीपर्यंत. गणपतीला भावंडे एरवीही एकत्र येतात. तेव्हाच सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल समोर ठेवा, हिस्से लिहून काढा, सगळ्यांनी सह्या करा आणि दस्त नोंदवा. जमले नाही तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. लोकअदालतीतल्या तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही.

विसर्जनानंतर विनवण्या बंद. डावललेल्या प्रत्येक हिस्सेदाराने वाटपाचा दावा लावावा, मनाई हुकूम मागावा आणि चालू दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. ती नोंदली गेल्यावर मिळकत कोणीही विकत घेवो, दाव्याचा निकाल त्याच्यावरही बंधनकारक राहील.